गॅरेज : घरातले आणि नाक्यावरचे



'गॅरेज' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो परका आहे हे आता आठवतही नाही. पण परवा अमेरिकेतल्या भाच्याशी फोनवर बोलताना एक गंमत झाली. तो म्हणाला, "मावशी, शनिवार-रविवार सगळा गॅरेजमध्येच गेला." मी आपली काळजीने विचारते, "का रे, गाडीला काय झालं? किती पैसे घेतले?" तो हसायला लागला. त्याचे गॅरेज म्हणजे त्याच्या घराचीच एक खोली. तिथे त्याने शनिवारी गाडीचे ब्रेक पॅड स्वतः बदलले आणि रविवारी स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारे काढून, घासून, रंगवून पुन्हा बसवली. आपले गॅरेज म्हणजे नाक्यावरची पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि "संध्याकाळी या" असे सांगणारा मिस्त्री.

एकाच शब्दाचे असे दोन अर्थ का झाले असतील? तिकडे दुरुस्ती घरात राहिली आणि आपल्याकडे ती नाक्यावर गेली, ती का? तीसेक वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे असा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

शब्द मूळचा फ्रेंच. 'गारे' म्हणजे आडोशाला नेऊन ठेवणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी ठेवायच्या जागेला गॅरेज म्हणू लागले. आणि गंमत अशी की त्या वेळी अमेरिकेतही गॅरेज घरात नव्हते! मोटार ही श्रीमंतांची चीज. ती शहरातल्या मोठ्या सार्वजनिक गॅरेजात ठेवायची, तिथेच तिची देखभाल व्हायची, आणि ती चालवायला शोफर असायचा. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. तो नुसता गाडी चालवत नसे, तर ती दुरुस्तही करत असे. मालकाला यंत्रातले काही कळत नसे. म्हणजे सुरुवात तिकडेही आपल्यासारखीच होती. दुरुस्ती करणारा वेगळा आणि मालक वेगळा.

त्याच्याही मागे जाऊ. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. इतका लांबचा प्रवास मोटारीने त्याआधी कोणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. एका तारेला वेष्टण हवे होते, तिथे मोज्याचा बंद वापरला. इंधन संपले तेव्हा वीस्लॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. साखळीचे काम लोहाराकडून करून घेतले आणि ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा त्यावर चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. मोटारदुरुस्तीच्या इतिहासाचे पहिले पान असे एका बाईच्या, एका लोहाराच्या आणि एका चांभाराच्या हातचे आहे. हे तिघे ध्यानात ठेवा, पुढे आपल्याकडेही तेच भेटणार आहेत.

अमेरिकेत चित्र पालटले ते हेन्री फोर्डमुळे. त्याने आपली पहिली गाडी १८९६ मध्ये डेट्रॉइटमधल्या भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये बनवली. गाडी तयार झाल्यावर ध्यानात आले की ती दारातून बाहेर निघत नाही. मग भिंतीच्या विटा फोडून ती बाहेर काढली! पुढे १९०८ मध्ये त्याने 'मॉडेल टी' बाजारात आणली. सुरुवातीची किंमत सुमारे ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत ती ३०० डॉलरच्या आत आली. १९२७ मध्ये ती बंद झाली तोवर अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या होत्या. दुसरीकडे १९१४ मध्ये फोर्डनेच कामगारांना दिवसाला ५ डॉलर देण्याचे जाहीर केले. गाडी स्वस्त आणि माणसाची मजुरी महाग, या दोन गोष्टी एकदम घडल्या. शोफर आता कोणाला परवडणार? मालकालाच गाडीखाली शिरावे लागले.

शिरता येईल अशीच ती गाडी होती, हेही महत्त्वाचे. साधी, उघडी, चार पान्यांत सुटणारी. शेतकरी तर तिचे मागचे चाक उचलून धरत, त्याला पट्टा लावत आणि तिच्यावर पाण्याचा पंप नाहीतर लाकूड कापायची करवत चालवत. ज्याच्याकडे ती गाडी होती त्याला ती कशी चालते हेही ठाऊक होते.

मग ती ठेवायला घराशेजारी जागा हवी. पेट्रोलचा वास आणि आगीची भीती यामुळे सुरुवातीची गॅरेजे घरापासून लांब, मागच्या बाजूला असत. पुढे ती सरकत सरकत घराला चिकटली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, कर्जे मिळाली, शहरांबाहेर घरांच्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सुमारे १७ हजार घरे बांधली गेली. त्यातल्या पहिल्या घरांना गॅरेज नव्हते आणि माळाही अर्धवट सोडलेला होता. तो मालकाने आपल्या हाताने पुरा करायचा! लोकांनी तो केला, वर खोल्या काढल्या, बाजूला गाडीची जागा केली. (या वसाहतीत काळ्या लोकांना मात्र मज्जाव होता, हेही सांगितले पाहिजे. आपल्या हाताने घर वाढवायचे सुख कोणाला मिळावे हे तिथेही जन्मावरून ठरत होते.) बंदुकीसारख्या मुठीच्या विजेच्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्येच मिळालेले होते, १९४६ पासून घरगुती वापराची स्वस्त ड्रिल येऊ लागली. १९५४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने 'तुमचे तुम्हीच करा' या लाटेवर मुखपृष्ठकथा केली. गरजेतून सुरू झालेली गोष्ट हौस झाली. माझ्या भाच्याचे गॅरेज हे त्या लाटेचे नातवंड आहे.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार. नांगर मोडला, गाडीचे चाक डुगडुगू लागले, विळ्याची धार गेली की शेतकरी त्यांच्याकडे जाई. त्या वेळी पैसे द्यायचे नाहीत. सुगीला धान्यातला ठरलेला वाटा द्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात ही व्यवस्था सविस्तर वाचायला मिळते. या पद्धतीत एक चांगले होते. वस्तू टाकायची नाही, ती दुरुस्त करायची, आणि जो बनवतो तोच दुरुस्त करतो. पण एक फार वाईटही होते. काम जन्माला चिकटलेले होते. ज्याच्या हातात लेखणी, त्याने हातोडी धरायची नाही. ज्याच्या हातात हातोडी, त्याला ओसरीवर बसायला सांगायचे नाही. चांभाराला तर गावाच्या कडेला ठेवलेले. बर्था बेन्झच्या गाडीला कातडे ठोकणारा तो कारागीर आपल्याकडे असता, तर त्याच्या हातचे पाणी कोणी प्यायले नसते.

म्हणून बलुते संपून रोखीचा व्यवहार आला, लोहाराच्या भात्याच्या जागी गॅस वेल्डिंग आले, तरी दुरुस्ती घराबाहेरच राहिली. मजूर स्वस्त होता हे एक कारण आहेच. पण "हे आपले काम नव्हे" हे दुसरे कारण त्याहून जुने आणि त्याहून मुरलेले आहे.

तरी "आपल्याकडे घरात दुरुस्ती नव्हतीच" असे म्हणणे खरे नाही. ती होती, पण बायकांच्या हातात होती. माझी आई दर आठवड्याला जमीन सारवत असे. शेण किती, माती किती, पाणी किती याचे प्रमाण तिच्या बोटांना ठाऊक होते. माती जास्त झाली की भेगा पडतात, शेण जास्त झाले की पोपडे निघतात. चूल लिंपणे, भिंतीचा पडलेला गिलावा भरणे, दिवाळीआधी चुना देणे, पावसाळ्याआधी कौले चाळायला कोणी वर चढला की खालून एकेक कौल हाती देणे... घराची ही देखभाल वर्षभर चालायची. पण तिला कोणी 'दुरुस्ती' म्हटले नाही. ते 'घरकाम' होते! पुढे शहाबादी फरशी आली, सिमेंट आले, आणि ते काम गवंड्याकडे गेले. गवंडी करू लागला तेव्हा त्याचे पैसे मोजले गेले. आईच्या कामाचे कधी मोजले गेले नव्हते. बायकांची कंबर मोडणारे ते काम गेले याचे मला अजिबात दुःख नाही. त्या कामातले ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, याचे आहे.

ही चौकट मोडणारे एक मोठे उदाहरण आपल्या मातीतले आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म १८८८ सालचा सांगतो. म्हणजे बर्था बेन्झ माहेरी निघाली तेच वर्ष! लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलदुरुस्तीच्या दुकानातून कडबा कापायचे यंत्र निघाले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या सांगली जिल्ह्यात ही कथा मुलांना तोंडपाठ असते. पण शाळेत आम्ही ती 'उद्योगपतीची कथा' म्हणून शिकवतो. मला ती एका शिक्षकाने हातात पाना धरल्याची कथा वाटते.

पुढे स्वातंत्र्यानंतर टंचाईचा काळ आला. बजाज ऑटोला १९५९ मध्ये दुचाकी आणि तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला. १९७२ पासून चेतक आली. तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे. एवढ्या वाट पाहून आलेली गाडी मग जिवापाड जपली जायची. आमच्याकडे १९८१ मध्ये स्कूटर आली आणि आमच्या 'ह्यां'चा रविवार सकाळचा कार्यक्रम ठरून गेला. अंगणात जुने पोते अंथरायचे, डिकीतला प्लगपाना काढायचा, स्पार्क प्लग खोलून त्यावरचा कार्बन पॉलिश पेपरने घासायचा. सकाळी चालू झाली नाही तर तिरकी करायची, पुन्हा किक मारायची. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे यावर शेजाऱ्यांशी वाद घालायचे. कारकून, मास्तर, बँकवाले अशा पांढरपेशा माणसांचे हात पहिल्यांदाच काळे झाले ते या स्कूटरमुळे, असे मला वाटते. फोर्डच्या गाडीने तिकडे जे केले ते चेतकने इथे थोडेसे केले. थोडेसेच! कारण प्लगच्या पलीकडे काही निघाले की गाडी ढकलत नाक्यावर न्यावी लागे.

आणि नाक्यावर खरे विद्यापीठ भरत असे. तिथे परीक्षा नव्हती. पोरगा आधी नुसते नट धुवायचा, मग मिस्त्रीने "दहा-अकराचा पाना दे" म्हटले की न बघता उचलून द्यायचा, मग पंक्चर, मग क्लच केबल, आणि चार-पाच वर्षांनी एक दिवस मिस्त्री त्याला इंजिनाचे हेड खोलू द्यायचा. माझ्या वर्गातला एक मुलगा सातवीनंतर असाच गॅरेजात गेला. शुद्धलेखनात त्याला कधी दहापैकी तीनच्या वर गुण मिळाले नाहीत. पुढे तोच मुलगा स्कूटरचा नुसता आवाज ऐकून "बाई, रिंग गेलीय" असे सांगायचा आणि ते खरे निघायचे. म्हणून काही बालमजुरी चांगली होती असे मी मुळीच म्हणणार नाही. २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्यानेच बंदी आहे आणि ती योग्य आहे. त्या वयात त्याच्या हातात पुस्तकच हवे. प्रश्न असा की पुस्तक हातात असताना पानाही का नको?

हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा भाग करायला सांगितले. आमच्या वेळापत्रकात तो विषय होता. पण सहामाही जवळ आली की कार्यानुभवाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला जायचा, आणि पालकही म्हणायचे, "बरे झाले." १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. तिथे गावातली मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी करत करत विज्ञान शिकतात. शाळेत न रमलेली मुले तिथे रमतात, यात आम्हा शिक्षकांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता अलीकडचे. बजाजने स्कूटर बंद करायचा निर्णय २००९ मध्ये जाहीर केला, आणि २०२० मध्ये चेतक हे नाव पुन्हा आले ते विजेच्या गाडीवर. नाव तेच, पण हिच्यात प्लग नाही, कार्बुरेटर नाही, क्लच केबल नाही. धूर नाही हे फार चांगले. पण रविवारी पोते अंथरून खोलावे असेही त्यात काही उरलेले नाही. चारचाकी गाड्यांचे बॉनेट उघडले तर वर प्लास्टिकचे झाकण, खाली संगणक. काय बिघडले हे गाडीच सांगते, पण ते ऐकायला वेगळे यंत्र लागते, आणि काही वेळा ते यंत्र फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असते.

अमेरिकेत यावर लोक भांडले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी असा कायदा मंजूर केला की गाडीची दुरुस्तीची माहिती आणि साधने कंपन्यांनी मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही द्यावीत. तिकडे याला 'दुरुस्तीचा हक्क' म्हणतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळही सुरू केले.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हा आमच्या हौसेचा प्रश्न आहे." तिकडे असेलही. त्याची गाडी त्याला उघडता आली नाही तर त्याचा एक शनिवार फुकट जाईल. पण आपल्या नाक्यावरच्या मिस्त्रीला ती उघडता आली नाही तर त्याचे दुकान बंद होईल. ज्याला आपण कधी पदवी दिली नाही, ज्याचे ज्ञान कधी पुस्तकात लिहून घेतले नाही, त्याच्या हातून ते ज्ञानही निरुपयोगी होईल. लोहाराच्या भात्याचे तसेच झाले, माझ्या आईच्या सारवणाचेही तसेच झाले, आणि दोन्ही वेळा आपल्याला पत्ताही लागला नाही.

म्हणून आपल्याकडे दुरुस्तीचा हक्क मागायचा तर तो आधी नाक्यावरच्या माणसासाठी मागावा, असे मला वाटते. आणि तोवर एवढे तरी करावे. तो "संध्याकाळी या" म्हणाला की संध्याकाळी जावे, काय बिघडले होते ते त्याला विचारावे, आणि नातवाला बरोबर न्यावे.